बारा टक्के कुठल्या खात्यातून देणार?

प्रश्न: आमची संस्था बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ११ वर्षांपासून काम करते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गावातच आजी-आजोबांकडे राहावीत, शाळा सुटू नये म्हणून हंगामाचे सहा महिने आम्ही संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि रात्रीचं जेवण चालवतो. वर्षाचा खर्च साडेसहा लाखांच्या आसपास, सगळा गावातल्या आणि ओळखीतल्या देणग्यांवर. आता आणखी दोन गावं घ्यायची आहेत. एका कार्यशाळेत पुण्याचे एक सल्लागार भेटले. २० लाखांचा सीएसआर (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो निधी) हमखास मिळवून देतो म्हणतात. सुरुवातीला नोंदणीचे २५,००० रुपये आणि मंजूर रकमेच्या १२ टक्के. 'परदेशी फंडही आणू, तुमच्याकडे परवाना नसला तरी चालेल,' असंही म्हणाले. आमच्या तरुण मंडळींना हे पटलंय. आमचे अध्यक्ष म्हणतात, पैसे देऊन अर्ज लिहून घेणं समाजकार्याला शोभत नाही. अडचण अशी की आमच्यात इंग्रजी धड कुणालाच लिहिता येत नाही. गावचा एक मुलगा अमेरिकेत असतो, तोही दरवर्षी काही देईन म्हणतोय. काय करावं? आम्ही लिहिलेला प्रपोजलचा मसुदा सोबत पाठवतोय.
— सचिव, एक नोंदणीकृत संस्था, जि. बीड

उत्तर:

सचिवसाहेब, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. या गृहस्थांना नकार कळवा. पण प्रपोजल लिहायला पैसे देऊन माणूस नेमायला माझी काहीच हरकत नाही. तिथं मी तुमच्या तरुण मंडळींच्या बाजूचा आहे.

नकार कशासाठी? २० लाखांचे १२ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. हे पैसे तुम्ही कुठल्या खात्यातून देणार, एवढं मला सांगा.

गावातला दुकानदार ५,००० रुपये देतो, तुम्ही पावती फाडता, विषय संपला. त्या पैशाचे तांदूळ घ्या, वह्या घ्या, नाहीतर लाइट बिल भरा, तो विचारायला येत नाही. ग्रँटचं तसं नसतं. तो करार असतो: अमुक गावांत, इतक्या मुलांसाठी, या महिन्यांत, हे काम, आणि त्याला हा खर्च. बजेटमधलं शीर्षन् शीर्ष ठरलेलं असतं. पहिला हप्ता आला की तो ठरल्याप्रमाणे खर्चायचा, बिलं लावायची, सीएच्या सहीचा विनियोग दाखला द्यायचा. बोलताना सगळे त्याला यूसीच म्हणतात. तो पटला तर पुढचा हप्ता. केंद्र सरकारचं अनुदान असेल तर या दाखल्याचा नमुनासुद्धा केंद्राच्या वित्तीय नियमांत ठरलेला आहे, जीएफआर १२-ए. 

आता या बजेटमध्ये 'सल्लागाराचं कमिशन' असं शीर्ष कुठलाही फंडर, म्हणजे निधी देणारा, मंजूर करत नाही. मग ते वसूल होतं कुठून? मी काही वर्षं देणाऱ्यांच्या बाजूला बसून अर्ज आणि हिशेब वाचले आहेत, त्यामुळे हे बघितलेलं आहे. स्वयंपाकाच्या बाईचं मानधन व्हाउचरवर ८,००० आणि हातात ५,०००. किराणा दुकानाची सहा महिन्यांची बिलं एकाच अक्षरात, एकाच पेनानं, लागोपाठच्या नंबरांची, जणू त्या दुकानात सहा महिने दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही. एकाच दिवशी तीन गावांत झालेली 'पालक प्रशिक्षणं', प्रत्येकाचा मंडप वेगळा, चहा-नाश्ता वेगळा, आणि फोटोत माणसं तीच. कमिशन असं जिरवलं जातं. त्या व्हाउचरवर सही सल्लागाराची नसते, तुमची असते. फंडरचा माणूस तपासणीला येईल तेव्हा हे गृहस्थ तिसऱ्याच जिल्ह्यात तिसऱ्याच संस्थेला २० लाख मिळवून देत असतील.

दुसरा मार्ग म्हणजे गावच्या देणग्यांतून द्यायचे. साडेसहा लाखांतले २ लाख ४० हजार काढले तर जेवण किती दिवस चालेल याचा हिशेब तुम्हीच करा. आणि त्या दुकानदाराला काय सांगणार, ते वेगळंच.

अमेरिकेत ग्रँट लिहून देण्याचा व्यवसाय जुना आणि मोठा आहे. तिथल्या निधी उभारणाऱ्यांच्या आणि ग्रँट लिहिणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनांनी टक्केवारीवर पैसे घ्यायला आचारसंहितेतच मनाई केली आहे. त्यामागे निव्वळ सोवळेपणा नाही. टक्केवारीवरचा माणूस आकडा फुगवतोच. तुमचंच बघा. मसुद्यात ६२ मुलं आणि साडेसहा लाख खर्च दिलाय, म्हणजे एका मुलामागे हंगामाला साधारण साडेदहा हजार. दोन नव्या गावांत मिळून तुम्ही ७० मुलं धरली आहेत. वाढीव खर्च झाला सव्वासात-साडेसात लाख. मग २० लाख आले कुठून? तुमच्या कामातून तरी नाही. १२ टक्क्यांना गोल गरगरीत आकडा लागतो, तिथून आले.

'हमखास' या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. कंपनीत सीएसआर समिती आणि संचालक मंडळ ठरवतं, बाहेरचा माणूस हमी देऊ शकत नाही. जो देतो त्याला विचारा, कशाच्या जोरावर? 'चेक घ्या आणि तीस-चाळीस टक्के रोख परत करा' असे धंदे चालतात, हे तुमच्याही कानावर असेल. त्यात अडकतात ते सही करणारे विश्वस्त. नोंदणी फीचंही तेच. अर्ज करायला कंपन्या पैसे घेत नाहीत. ते २५,००० फक्त सल्लागाराच्या खिशासाठी आहेत.

परदेशी फंडाबद्दल ते जे बोलले ते सरळ बेकायदा आहे. परदेशातला पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पूर्वी एक एफसीआरएधारक संस्था दुसऱ्या एफसीआरएधारक संस्थेला पैसे पुढं देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद केलं. त्यामुळे 'ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून आणू' असं कुणी म्हणालं की उठून यायचं. अमेरिकेतल्या मुलाचं उत्तरही इथंच देतो. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर तो पैसा परकीय देणगी धरला जात नाही, खुशाल घ्या, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी तो कायद्यानं परकीय स्रोत झाला. मग त्याच्याकडून घेऊ नका, गावचा असला तरी. त्याचे इथले भाऊबंद स्वतःच्या कमाईतून देणार असतील तर ती गोष्ट वेगळी.

आता सीएसआर. हे तुमच्यासाठी योग्य दार आहे, पण कुठलं ठोठवायचं ते बघून ठोठवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. कामांची यादी परिशिष्ट ७ मध्ये आहे. तुमचं काम त्यात दोन ठिकाणी बसतं: भूक-कुपोषण आणि शिक्षण. आणि एक गोष्ट, जी तुमच्या भागात अनेकांच्या लक्षात येत नाही. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, त्याला हे कलम लागू नाही. तिथं चेअरमनच्या मर्जीवर काही मिळालं तर मिळालं. खासगी कारखाने मात्र कंपन्या आहेत, वरच्यापैकी एखाद्या अटीत बसले तर त्यांना हे कलम लागू होतं. तुमच्या गावच्या टोळ्या कुठल्या कारखान्यांना जातात ते मुकादमांना विचारा आणि त्यातले खासगी कोणते ते काढा. ज्यांच्या गव्हाणीत या पोरांच्या आईबापांनी तोडलेला ऊस पडतो, त्यांना तुमचं काम समजावून सांगायला इंग्रजी लागणार नाही. त्यानंतर वाळूज, शेंद्रा, पुण्याकडच्या कंपन्या. मंजूर केलेल्या सीएसआर प्रकल्पांची माहिती कंपनीनं आपल्या वेबसाइटवर टाकावी असा नियम आहे. ती यादी वाचा. जिथं मराठवाडा आणि शिक्षण दोन्ही दिसतं, त्या चार-पाच निवडा. पन्नास कंपन्यांना एकच ईमेल पाठवण्यात काही हशील नाही.

पण त्याआधी स्वतःची फाइल उघडा. कारण सीएसआरच्या माणसाला तुमचं प्रपोजल आवडलं की तो पहिल्यांदा कागद मागतो, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी चांगल्या संस्था तिथंच गळतात. धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल, नवा काढा. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असतो आणि तारखा पडत असतात. मग उतारा सांगतो एक, बँकेत सह्या दुसऱ्यांच्या, आणि कार्यकारिणीत बसतात तिसरेच. उताऱ्यावर खजिनदार म्हणून चार वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचं नाव असलेली फाइल मी पाहिली आहे. काम उत्तम होतं, पण कंपनीच्या वकिलानं ती परत पाठवली. बदल अर्ज अडकला असेल तर त्याची पोच आणि तारखेचा कागद तरी जवळ ठेवा.

प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या सीएसआरसाठी लागतात. २०२१ नंतर जुन्या नोंदण्या नव्यानं करून घ्याव्या लागल्या आणि त्यांना मुदतही आली, हे कित्येक संस्थांना माहीतच नाही. ऑर्डर काढून मुदत कधी संपते ते बघा. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तरी सगळे अजून ८०जीच म्हणतात, गोंधळू नका. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्या. त्यावर सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र लागतं. अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव ही अटही आहे, तुमच्याकडे ११ वर्षांचा आहे. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या पोर्टलवर नोंद करा. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट एका जागी ठेवा. यातलं एकही काम प्रपोजल लिहिणारा तुमच्यासाठी करू शकत नाही, आणि यातलं एक जरी राहिलं तरी त्याची फी वाया गेली.

मला सगळ्यात जास्त काळजी वेळापत्रकाची वाटते. त्याबद्दल तुमच्या मसुद्यात चकार शब्द नाही.

तुमची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे तुमचा एकच हंगाम त्यांच्या दोन वर्षांत चिरला जातो. शिवाय कंपन्यांची सवय अशी की वर्षभर बैठका, आणि उरलेला पैसा जानेवारी ते मार्च घाईघाईनं वाटायचा. तुम्हाला चेक आला फेब्रुवारीच्या शेवटी, तर तो खर्चणार कशावर? मुलांचे आईबाप परतायला लागलेले असतात. आणि कंपनीचा तगादा, ३१ मार्चपर्यंत यूसी द्या. हा तगादा ते उगाच लावत नाहीत. नुसता तुमच्या खात्यात पैसा टाकला म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं आता धरत नाहीत. तुम्ही तो कामावर खर्चल्याचं त्यांच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. अशा वेळी चांगल्या संस्थासुद्धा मार्चमध्ये दोनशे दप्तरं आणि एक प्रोजेक्टर विकत घेऊन मोकळ्या होतात. दप्तरांची गरज कुणालाच नसते.

यावर कायद्यातच वाट आहे. कंपनी एखाद्या प्रकल्पाला 'चालू प्रकल्प' ठरवू शकते. सुरू केलेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत तो चालतो, आणि वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाऊन त्याच कामासाठी राहते. तुमच्या प्रपोजलच्या पहिल्या पानावर लिहा की हे काम ऑक्टोबर ते एप्रिल चालतं, दोन आर्थिक वर्षांत येतं, म्हणून ते चालू प्रकल्प म्हणून घ्यावं. पहिला हप्ता सप्टेंबरपर्यंत हवा, हेही लिहा. त्यासाठी बोलणी आदल्या जानेवारी-फेब्रुवारीत सुरू व्हायला हवीत, कारण पुढच्या वर्षाच्या आराखड्याचा विचार तेव्हाच चालतो. या दिवाळीला पैसा पाहिजे म्हणून गणपतीत प्रपोजल लिहायला घेतलं, तर ते पुढच्या वर्षाचंच समजा.

मसुदा मी दोनदा वाचला. पहिलं वाक्य असं आहे: 'आमची संस्था गेली अकरा वर्षे समाजातील तळागाळातील वंचित व उपेक्षित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी अहोरात्र झटत आहे.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेच्या लेटरहेडखाली खपेल, म्हणून ते काढा. तीन पानं असंच चाललंय. आणि चौथ्या पानावर, मधेच, कुणीतरी लिहून गेलंय की तोडणीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांपैकी २०१९ च्या हंगामात ४१ मुलं आईवडिलांबरोबर गेली होती आणि गेल्या हंगामात ९ गेली. अहो, हे पहिलं वाक्य आहे! पुढं कंसात, त्या ९ पैकी ७ मुली, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, नेलेल्या. हे दुसरं वाक्य. आणि तिसरं तुम्ही लिहिलेलंच नाही: या सात मुलींसाठी तुम्ही पुढच्या हंगामात काय करणार? भावंडांना मागे ठेवायची सोय होऊ शकते का, आजीला काही मदत लागेल का? वाचणारा तिथंच थांबतो आणि तेच विचारतो. ज्या कुणी ते चौथं पान लिहिलंय त्याला पुढं बसवा, सर्वांगीण विकासवाल्यांना चहा द्या.

आणखी एक प्रश्न येणारच: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारनं संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली आहे, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं करायची म्हणून. मग तुम्ही कशाला? याचं उत्तर तुमच्याकडे आहे, कागदावर नाही. तुमची मुलं घरीच झोपतात, आजी-आजोबांजवळ. तुम्ही देता ते संध्याकाळचे काही तास आणि एक वेळचं जेवण. तुमच्या तालुक्यात ते वसतिगृह चालू असेल तर तिथं किती जागा आहेत, तुमच्या गावापासून ते किती लांब आहे, तुमच्या गावची किती मुलं तिथं गेली, हे लिहा. सरकारला नावं ठेवू नका. तुमचं काम त्या योजनेच्या शेजारी कसं बसतं ते दाखवा.

बजेटमध्ये तुम्ही शिक्षकांचं मानधन भीत भीत कमी लावलंय, कारण कुणीतरी सांगितलं की सीएसआरमध्ये ५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. पूर्ण लावा. हिशेब ठेवणाऱ्याचे अर्धवेळ पैसेही लावा. काही फंडर कापतील, कापू द्या.

आता लिहिणाऱ्याबद्दल. तुम्हाला वर्षभराचा सल्लागार नको, एका कामापुरता माणूस पाहिजे. काम असं: तुमच्या गावात दोन दिवस राहून वर्ग बघणं, तुमच्याशी बसून दोन पानांची संकल्पना टिपणी आणि मग पूर्ण प्रपोजल मराठीत आणि इंग्रजीत तयार करणं, बजेट तुमच्या हिशेबनीसाबरोबर मांडणं. फी ठरावीक, हप्त्यांत: थोडी सुरुवातीला, थोडी टिपणी झाल्यावर, बाकी अंतिम प्रत हातात आल्यावर. ग्रँट मिळो न मिळो, फी तीच. तुमच्या मंडळींना हे खटकेल, 'मिळालं नाही तरी पैसे द्यायचे?' हो. तो लिहिण्याचे पैसे घेतो, मिळवण्याचे नाही. चांगलं लिहिलेलं प्रपोजल एका कंपनीनं नाकारलं तर दुसरीकडे जातं, ते तुमच्याकडे राहतं. म्हणून करारात लिहून घ्या की मजकूर, आकडे, फोटो, सगळं संस्थेचं, आणि तेच प्रपोजल गावाचं नाव बदलून तो दुसऱ्या संस्थेला विकणार नाही. हसू नका, असं होतं. दुसऱ्या जिल्ह्याचं नाव पुसायचं राहून गेलेली प्रपोजलं फंडरच्या टेबलावर येतात.

माणूस पारखायचा कसा? तो आधी काय विचारतो ते ऐका. जो पहिल्यांदा विचारतो 'किती लाखांचं करायचं', तो नको. जो ऑडिट रिपोर्ट मागतो, गैरसोयीचे प्रश्न विचारतो, मागच्या वर्षी किती मुलं मधेच वर्ग सोडून गेली हे खोदून काढतो, तो ठेवा. त्यानं आधी लिहिलेलं एखादं नामंजूर झालेलं प्रपोजल दाखवायला सांगा आणि का नाकारलं ते विचारा. ज्या संस्थांसाठी लिहिलं त्यांतल्या दोघांना फोन करा, आणि फोनवर एवढंच विचारा की ग्रँट आल्यावर रिपोर्ट कुणी लिहिला. बहुतेक ठिकाणी रडारड तिथं असते. प्रपोजलमध्ये 'मुलांच्या वाचनक्षमतेत ४० टक्के वाढ' असं लिहून सल्लागार मोकळा होतो, आणि ती मोजायची कशी हे गावात कुणालाच ठाऊक नसतं.

महागडा माणूस शोधण्याआधी शेजारी बघा. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. तिथले विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांमध्ये जातात, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण मराठवाड्यातच काम करतात. एखादा माजी विद्यार्थी ठरावीक मानधनावर हे काम करील, आणि त्याला कोयता म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, उचल म्हणजे आधी घेतलेली रक्कम, हे समजावून सांगावं लागणार नाही.

इंग्रजीची धास्ती सोडा. मराठीत नीट लिहिलेलं इंग्रजीत नेता येतं. मराठीतच पोकळ असलेलं इंग्रजीत आणखी पोकळ होतं. चॅटजीपीटीकडून भाषांतर करून घेतलंत तरी चालेल, फक्त विचार त्याच्याकडून करून घेऊ नका. हल्ली एका टेबलावर दहा अर्ज येतात आणि दहांमध्ये तीच वाक्यं असतात. आणि फंडरशी बोलायला मात्र तुम्हीच जा. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं इंग्रजी, जे जमेल त्यात. लिहिणाऱ्याला दूत करू नका, कारण ओळख त्याची होते, आणि तो गेला की ओळखही जाते. कंपनीच्या माणसाला हंगामात, अंधार पडल्यावर, वर्ग चालू असताना बोलवा. दुपारी हारतुऱ्याचा कार्यक्रम ठेवू नका.

अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हिशेब तपासायला आपण सीएला पैसे देतोच, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. लिहिणाऱ्याचंही तसंच. फक्त ते ग्रँटमधून नाही, संस्थेच्या स्वतःच्या, बंधन नसलेल्या पैशातून द्यायचे, आणि देणगीदारांना वार्षिक सभेत सांगून द्यायचे. पुढच्या बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात माणसाचं नाव, काम आणि रक्कम लिहा. रक्कम वर्षाला ५०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापावा लागेल, ते सीएला आधीच विचारून ठेवा. पैसे खात्यावरच द्या, रोख नको.